धुक्यातला तारा आणि दलदलीतलं रानडुक्कर

१४ एप्रिल १४७१, ईस्टरचा रविवार. लंडनच्या उत्तरेला बार्नेटजवळ पहाटे दाट धुकं पडलेलं. एका बाजूला इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड, दुसऱ्या बाजूला त्याच्याविरुद्ध उठलेला बडा सरदार, अर्ल ऑफ वॉरिक (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार). वॉरिकच्या बाजूने लढणाऱ्या ऑक्सफर्डच्या अर्लची माणसं समोरची फळी फोडून पार गावापर्यंत पाठलाग करत गेली, आणि परत आली तर त्यांच्याच दोस्तांनी त्यांच्यावर बाण सोडले. त्या काळच्या एका बखरीत कारण दिलंय: ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगावरच्या बिल्ल्यावर, म्हणजे धन्याच्या खुणेवर, किरणं फुटलेला तारा होता, एडवर्डच्या माणसांच्या अंगावर सूर्य, धुक्यात फरक कळलाच नाही. 'दगा! दगा!' असा ओरडा झाला, ऑक्सफर्डचे लोक पळाले आणि वॉरिक त्याच दिवशी मारला गेला.

आता एवढं सगळं एका बिल्ल्यावर का अवलंबून? कारण राजाकडे कायमची अशी फौजच नव्हती. फौज होती ती सरदारांच्या वाड्यांत. आचारी, मोतद्दार, कारकून, नाईट, सगळे धन्याच्या पदरी, त्याच्या रंगाचं कापड अंगावर घालणारे, आणि लढाई आली की यातलेच कितीतरी जण घोड्यावर बसून त्याच्यामागे निघायचे. वाड्याबाहेरच्या लोकांशी करार व्हायचे, वर्षाला इतके पैसे, शांततेत आणि युद्धात साथ द्यायची. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी रेषेत कापायचे, वाद झाला की दोन तुकडे जुळवून बघायचे, खोटेपणाला जागाच नाही. मला ही पद्धत फार आवडते.

बिल्ल्यातही दर्जा असायचा. १४८३ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डने आपल्या मुलाच्या यॉर्कमधल्या समारंभासाठी साध्या जाड्याभरड्या कापडावरची पांढरी रानडुकरं, म्हणजे त्याच्या खुणेचे बिल्ले, मागवली, तब्बल १३,००० नग! जवळच्या माणसांना मात्र सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची.

असंच एक चांदीचं रानडुक्कर बॉस्वर्थच्या रणांगणाच्या शोधात सापडलं. २२ ऑगस्ट १४८५ ला गादीवर दावा सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरशी लढताना रिचर्ड तिथे मारला गेला, पण नेमकं कुठे यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता आणि अ‍ॅम्बियन टेकडी हीच जागा असं बहुतेक लोक धरून चालले होते. मग पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांच्या टीमने मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पिंजून काढली, माती आणि पीट (दलदलीत साचलेला कुजक्या वनस्पतींचा थर) तपासून मध्ययुगातली दलदल कुठे होती ते शोधलं, तेव्हा टेकडीपासून बऱ्याच अंतरावर नैर्ऋत्येला तोफांचे शिशाचे गोळे निघाले, तीसहून जास्त, आणि एका जुन्या दलदलीच्या काठाला तो छोटासा बिल्ला. असा बिल्ला लावणारा माणूस राजाच्या खास गोटातलाच असणार, म्हणजे रिचर्डची शेवटची धडक इथेच कुठेतरी झाली असं आता मानलं जातं.

आणि त्या धडकेचा निकालही वाड्याच्याच माणसांनी लावला. सर विल्यम स्टॅनली आपली माणसं घेऊन बाजूला थांबला होता, ऐन वेळी तो हेन्री ट्यूडरच्या बाजूने उतरला, आणि त्याची माणसंही गेली, कारण ती राजाची नव्हतीच, स्टॅनलीची होती.

असल्या पदरच्या फौजांना आवरायचे कायदे १३९० पासून येत होते, १४६८ ला आणखी कडक झाले, पण वचक बसवला तो बॉस्वर्थ जिंकलेल्या हेन्रीनेच. १५०७ मध्ये केंटच्या लॉर्ड बर्गाव्हेनीवर ४७१ माणसं बेकायदा पदरी ठेवल्याचा खटला झाला, माणशी महिन्याला ५ पौंड, ३० महिने, म्हणजे ७०,६५० पौंड दंड.