वीरगळाची खालची चौकट आधी का झिजते?

सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या किकली गावी भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात कितीतरी वीरगळ आहेत. गाव राखताना, गुरं सोडवताना किंवा राजासाठी लढताना पडलेल्या माणसांची ही कोरीव दगडी स्मारकं. नाव बहुतेकांवर नाही. जे सांगायचं ते चित्रातच सांगितलेलं असतं, आणि ते खालून वर वाचायचं. तळाच्या चौकटीत वीर मरून पडलेला, कधी शेजारी गाई. त्यावर लढाई. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य.

वरचे दोन भाग बहुतेक वीरगळांवर सारखेच असतात. हा माणूस कसा गेला, ते सांगणारा भाग खालचा. बोरिवलीजवळच्या एकसरचे सहा वीरगळ पाहा. त्यांतल्या काहींवर खालच्या भागात वल्ह्यांनी चालणारी लढाऊ जहाजं कोरली आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात 1265च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. तळाचे पट नसते, तर समुद्राचा पत्ताच लागला नसता.

आणि दुर्दैव असं की दगड आधी खराब होतो तो तिथेच.

आपल्याकडचे बहुतेक वीरगळ बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातलाच हा दगड. छिन्नी बोथट करणारा, म्हणून तो अमर वाटतो. पण त्याचा शेवट आपण रोज पाहतो. रस्त्यावर पसरतो तो मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसॉल्टच, आणि कापसाची काळी माती हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते दगडातल्या खनिजांमधलं कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवून नेतं. मागे चिकणमाती उरते. लोह गंजतं, म्हणून काळ्या दगडावर तांबूस पापुद्रा येतो.

ही सगळी क्रिया पाण्यावर चालते, आणि पाणी खाली सर्वांत जास्त वेळ टिकतं. पागोळ्यांचे शिंतोडे तळावर उडतात. जमिनीतली ओल दगडाच्या सूक्ष्म भेगांमधून वर चढते आणि येताना क्षार आणते. पावसाळा सरला की पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मात्र पृष्ठभागाखाली वाढत राहतात. जागा अपुरी पडली की ते वरचा पापुद्रा ढकलून पाडतात. घराच्या भिंतीला खालच्या दोन-तीन फुटांत लोणा लागतो, तसंच हे. घट्ट बेसॉल्ट पाणी फारसं पीत नाही, पण शतकानुशतकं उघड्यावर राहून पिंजलेली त्याची साल नक्कीच पिते. कोरीव काम असतं ते त्याच सालीवर.

म्हणूनच गावकरी प्रेमाने वीरगळ उभा करून भोवती सिमेंटचा ओटा बांधतात तेव्हा मला धास्ती वाटते. सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात. शिवाय आजूबाजूची जमीन बंद झाली की ओलीला बाहेर पडायला दगडच उरतो. ओट्यात तळाची चौकट बुडाली तर प्रश्नच मिटला! त्यापेक्षा वाळू-खडीची बैठक आणि पाणी वाहून जाईल असा उतार, हा खर्चानेही स्वस्त आणि दगडाला मानवणारा उपाय आहे.

दगडावरच्या करड्या-पांढऱ्या डागांचंही असंच. ती दगडफुलाच्या गोतातली शैवाक. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. बुरशीचे तंतू भेगांत शिरतात, ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, हे खरं. पण ती वाढते वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ रोलँड बेशेल यांनी 1950च्या दशकात या मंद वाढीवरूनच हिमनदीने मागे टाकलेल्या दगडांचं वय काढण्याची पद्धत रूढ केली, आणि वाढीचा वेग ठरवायला तारखा कोरलेल्या थडग्यांचे दगडच कामी आले. तारेच्या ब्रशने ही शैवाक खरवडली की तिच्याबरोबर वीराचं नाक-तोंडही जातं. शैवाक शंभर वर्षांत करणार नाही एवढं नुकसान एका सकाळच्या श्रमदानात होतं.

ऑइलपेंट तर नकोच. शेंदराचं थोडं वेगळं आहे. त्याची पुटं कोरीव काम झाकतात, पण खाली ते शाबूतही राहू शकतं. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा शेंदराचा जाड थर 2022मध्ये तज्ज्ञांनी उतरवला तेव्हा आतली रेखीव मूर्ती समोर आली. हे काम जाणकारांचंच.

आपल्या हातात आहे ते नोंद ठेवणं. अंधार पडल्यावर वीरगळाच्या बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून टॉर्च धरा. प्रकाश तिरपा पडला की दिवसा सपाट दिसणाऱ्या जागी अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकतो, आणि गाईची शिंगं, ढालीची कड, तलवारीची मूठ दिसू लागते. त्याच उजेडात टॉर्चची बाजू बदलत फोटो घ्या. दिवसा वीरगळाभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल असे पन्नास-साठ फोटो काढले, तर संगणकावर त्यांची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. सुरुवात तळाच्या चौकटीपासून करा.