४७ एफपासून मोबाइलपर्यंत : सह्याद्रीत चालणाऱ्या नकाशा-ॲपची पार्श्वभूमी

सिंहगड-राजगड-तोरणा हा पुण्याच्या ट्रेकर मंडळींचा ठरलेला पल्ला. तो कागदी नकाशावर आखायचा झाला, तर सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० मापाच्या तीन टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारे नकाशे लागतात. सिंहगड ४७ एफ/१५ या क्रमांकाच्या शीटच्या अगदी पश्चिम कडेला आहे. गडावरून राजगडाकडे निघालं की लगेच ४७ एफ/११ सुरू होते. पायथ्याचं गुंजवणे त्याच शीटवर असलं, तरी राजगडाचा बालेकिल्ला खालच्या ४७ एफ/१२ वर जातो. तोरणा पुन्हा ११ वर. एक शीट १५ मिनिटं अक्षांशाची आणि १५ मिनिटं रेखांशाची, म्हणजे आपल्याकडे उभी सुमारे २७.५ आणि आडवी सुमारे २६.५ किलोमीटर. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दर २० मीटरला. वाट नेमकी जिथे अवघड होते, तिथेच कागद संपायचा.

कागद मिळवणंही सोपं नव्हतं. समुद्रकिनाऱ्यापासून आत सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा नकाशांसाठी निर्बंधित होता. घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या बहुतेक घाटवाटा याच पट्ट्यात येतात. म्हणून कित्येक वर्षं हाती असायची ती जुन्या शीटची झेरॉक्स, आणि सोबत गावातला वाटाड्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी ‘ओपन सिरीज’ आली, २०१७ मध्ये ती ऑनलाइन मोफत उतरवता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशा-माहिती गोळा करण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली.

ही ओपन सिरीज जुन्या शीटपेक्षा एका बाबतीत मुळातून वेगळी आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती रूपावर) बेतलेल्या, तर जीपीएस आणि नवी मालिका डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मोजमापावर. पुण्याच्या परिसरात या दोन मोजमापांत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये टाकले की पाण्याचं टाकं धारेच्या पलीकडच्या उतारावर दिसतं. इथे दोष ॲपचा नसतो. स्कॅन केलेली जुनी शीट लोकस मॅप किंवा अल्पाइनक्वेस्ट या ॲपमध्ये वापरायची असेल, तर आधी संगणकावर तिचा डेटम (मोजमापाचा पाया) ‘एव्हरेस्ट’ सांगून ती बसवून घ्यावी लागते. बसवल्यावर धरणाची भिंत किंवा नदीचा पूल उपग्रह-चित्राशी जुळतो का, ते बघावं. झाडं आणि शेताचे बांध बदलतात, ते खूण म्हणून धरू नयेत.

फोनवरच्या नकाशांची मुळं साधारण एकाच काळातल्या तीन गोष्टींत आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली. तीच एसआरटीएम. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि नागरी वापरातली शंभर मीटरपर्यंतची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली. २००४ मध्ये इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, ज्यात रस्ते, वाटा आणि पाणवठे लोकांनीच भरायचे. ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप याच माहितीवर उभी आहेत. त्यामुळे दोन ॲपपैकी एकात वाट दिसली आणि दुसऱ्यात नाही, तर बहुतेक वेळा एकातला नकाशा जुना डाउनलोड केलेला असतो.

अशा ॲपच्या परदेशी तुलनांमध्ये जे नाव सर्वांत वर असतं, त्या ऑनएक्स या अमेरिकी ॲपचा उगम मात्र निराळा आहे. २००९ मध्ये मोंटाना राज्यातल्या मिझुला शहरात ते सुरू झालं, तेही आधी हातातल्या जीपीएस यंत्रात घालायची चिप म्हणून. तिथल्या शिकाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो जमीन कोणाची, हा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या बाजूची जमीन एकाआड एक मैल-चौकटींनी दिली गेली, आणि सरकारी व खासगी चौकटींचा बुद्धिबळाचा पट तयार झाला. दोन सरकारी चौकटी फक्त कोपऱ्यावर टेकतात. २०२१ मध्ये वायोमिंगमध्ये काही शिकाऱ्यांनी अशाच कोपऱ्यावर शिडी लावून खासगी जमिनीवर पाय न ठेवता पलीकडे पाऊल टाकलं. त्यावरचा खटला अपील न्यायालयात जाऊन २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. मालकीच्या रेषा हाच ज्या ॲपचा प्राण, त्याचे पैसे पुण्यात बसून भरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारच बंद आहे, आणि भीमाशंकर किंवा ताम्हिणी अभयारण्यात प्रवेशाचे नियम वनखात्याकडून विचारूनच घ्यावे लागतात. तिकडे सर्रास सुचवलं जाणारं उपग्रह-संदेशाचं यंत्रही भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

सह्याद्रीतला प्रश्न एकच : खाली उतरणारी नाळ (कड्यातली चिंचोळी वाट) कोणती आणि कड्यावर संपणारी घळ कोणती? इथे सगळी ॲप एकाच ठिकाणी अडतात, कारण त्यांच्या कंटूर बहुतेक त्याच एसआरटीएमवरून काढलेल्या असतात. त्या माहितीची चौकट ३० मीटरची, म्हणजे तेवढ्या जागेला एकच उंची, आणि सुरुवातीची बरीच वर्षं आपल्या भागासाठी खुली होती ती ९० मीटरची. बोराट्याच्या नाळेसारखी चिंचोळी वाट अशा एका-दोन चौकटींत गडप होते. पडद्यावर कंटूर सलग वळण घेत जातात, खाच दिसतच नाही. कड्याचंही तसंच. बेसाल्टचा उभा कडा सरासरीत पसरून नुसता तीव्र उतार वाटतो. म्हणून घाटमाथ्यावर कंटूर एकमेकींना जवळजवळ चिकटल्या असतील, तर मधली बारीक फट वाट म्हणून धरू नये. सर्वेच्या शीटवर खडकाची खूण वेगळी काढलेली असते, आणि या एका कारणासाठी ती पीडीएफ फोनमध्ये असायलाच हवी.

उरतो तो दुसऱ्याने चाललेला ट्रॅक. जीपीएक्स हा फाइलचा प्रकार २००२ पासून आहे, जवळपास प्रत्येक ॲप तो उघडतं. पण फाइल उघडली म्हणजे वाट मिळाली, असं नाही. आधी बिंदूंवर वेळ आहे का ते बघा. वेळ नसेल आणि रेषा लांब-लांब सरळ तुकड्यांची असेल, तर ती घरी बसून पडद्यावर आखलेली असण्याची दाट शक्यता. वेळ असेल तर महिना बघा. फेब्रुवारीत उघडी दिसणारी ढोरवाट ऑगस्टमध्ये कारवीखाली पूर्ण झाकलेली असते. उतरतानाचा ट्रॅक आहे की चढतानाचा, हेही उंचीच्या आलेखावरून कळतं. नाळेतला ट्रॅक दोन्ही भिंतींवर नागमोडी चढलेला दिसतो, कारण अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि संकेत कड्यावर आपटून उशिरा पोचतात. तिथे रेषेचा पाठलाग न करता पायाखालची वाट धरावी.

निघायच्या आदल्या रात्री फोन विमान-मोडवर टाकून ॲप उघडा, आणि पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंत बोट फिरवत मोठं करून बघा. कुठे करडा चौकोन आला, तर तेवढा नकाशा उतरलेला नाही. अँड्रॉइडवर त्या ॲपची बॅटरी-बचत बंद करा, नाहीतर पडदा बंद झाल्यावर थोड्याच वेळात रेकॉर्डिंग थांबतं आणि परतीची रेषाच उरत नाही. मोकळ्या माळावर उभं राहून आधी जीपीएस पकडू द्या. नेटशिवाय, बराच वेळ बंद असलेलं जीपीएस सुरू करताना, उपग्रहांची माहिती थेट आकाशातून यायला किमान अर्धा मिनिट लागतं, झाडीत बरंच जास्त. पावसात ओल्या पडद्याला बोट कळत नाही, तेव्हा झूम आवाजाच्या बटणांवर देण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती लावून ठेवा.

परत आल्यावर टाकं, निसणी (शिडी) किंवा बुजलेली वाट ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवताना पाण्याच्या टाक्यापुढे महिना जरूर लिहा. नुसतं ‘पाणी आहे’ वाचून मे महिन्यात चढलेला माणूस कोरड्या टाक्यापाशी पोचतो.