'कावीळ ब' आणि खानदेशातली शाळकरी मुलं : पार्श्वभूमी

खानदेशात कावीळ म्हटलं की गळ्यात उताऱ्याची माळ, उसाचा रस आणि हळद-तेल बंद, हे घरोघरी पाठ असतं. पावसाळ्यात वसतिगृहातल्या दोन-चार मुलांचे डोळे पिवळे झाले की टाकीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी) पावडर पडते. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ ए किंवा ई विषाणूची. बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपसूक बरी होते आणि श्रेय माळेला जातं.

घोळ होतो तो 'कावीळ ब', म्हणजे हिपॅटायटिस बी, या नावाने. १९६० च्या दशकात या आजाराचा विषाणू हाती लागला तो एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातून, म्हणून तपासणीच्या कागदावर पुढे कित्येक वर्षं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं लिहून यायचं. ते कुणाला कळत नसे, पण त्यातून गैरसमजही होत नसे. 'कावीळ ब' म्हटल्यावर मात्र पालक विचारतात, पोराचे डोळे पांढरेस्वच्छ आहेत, मग तपासणीला रक्त कशाला काढता? खरं तर लहानपणी हा विषाणू शिरला तर डोळे बहुधा पिवळे होतच नाहीत. जन्मावेळी लागण झालेल्या १० बाळांपैकी सुमारे ९ जणांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण शंभरात पाचाहून कमी. यकृत खराब झाल्याचं कळतं ते पुष्कळदा तिशी-चाळिशीनंतर. पाण्यातून किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. म्हणून दहावीच्या मुलांना विचारायचं ते यात्रेतल्या गोंदणाबद्दल, एकाच वस्तऱ्याने झालेल्या हजामतीबद्दल, वापरलेल्या सुईबद्दल. वापरलेली सुई काय करते ते २००९ साली शेजारच्या गुजरातेत, साबरकांठा जिल्ह्यात दिसलं. तिथं या काविळीच्या साथीत माणसं दगावली.

'ब'ची सरकारी लस २००२-०३ मध्ये निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११-१२ मध्ये देशभर. ती फक्त तान्ह्या बाळांसाठी. मोठ्या मुलांना वगळणं मला पटलेलं नाही. पैसे असलेल्या घरांनी खासगीत लस टोचून घेतली, आश्रमशाळेतली मुलं तशीच राहिली. शिवाय पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जी बाळंतपणं घरीच झाली, तिथं तो गाठायचा कसा? पुढचे डोस दीड महिन्यापासून सुरू होतात. आईकडून आलेला विषाणू तोवर थांबत नाही.