खाऱ्या पाण्याची टाकी: काही बिघडलं तर आधी काय बघायचं

मासा मेला की आमच्या दुकानात ग्राहकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, तुमचा मासा आजारीच होता." कधी कधी ते खरंही निघतं. बहुतेक वेळा मात्र कारण घरच्या टाकीत सापडतं, आणि ते लवकर सापडलं तर बाकीचे जीव वाचतात. त्यासाठीच हे पत्रक. सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी पाच-सहा ग्राहकांच्या टाक्यांत एकदम तपकिरी शेवाळ धरलं. आम्ही प्रत्येकाला एकच सांगत राहिलो, खाणं जास्त पडतंय. दोन आठवडे हेच चाललं. मग भुसावळचे एक काका आमच्याकडून नेलेला शुद्ध पाण्याचा २० लिटरचा कॅन तसाच परत घेऊन आले, काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "यात मीटर बुडवा." टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ० यायला हवा होता, आला ३१. आमच्या आरओच्या पुढची डीआय रेझिन (आरओतून सुटलेले क्षार शोषून घेणारे दाणे) संपली होती आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. तोवर लोकांनी आमच्या शब्दावर माशांचं खाणं निम्म्यावर आणलं होतं. ते अजून टोचतं. त्याच दिवशी सगळ्यांना फोन करून चूक सांगितली, पाणी बदलून दिलं. तेव्हापासून प्रत्येक कॅनवर तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर कॅन घेऊ नका.

आता तुमच्याकडचं. आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान होतं ते उन्हाळ्यात वरून घातलेल्या पाण्यामुळे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो. हवा कोरडी असते, त्यामुळे टाकीवर साधा पंखा लावला तरी पाणी चांगलं थंड राहतं, पण तेवढंच ते उडूनही जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. हे लक्षात न घेता बरेच जण कमी झालेलं पाणी मीठ कालवलेल्या पाण्याने भरतात. हिशोब करून बघा. १०० लिटरच्या टाकीत ३५ पीपीटीला (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) साडेतीन किलो मीठ असतं. रोज २ लिटर पाणी उडालं आणि तेवढंच खारं पाणी घातलं, तर रोज ७० ग्रॅम मीठ वाढतं. दहा दिवसांत क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, ४२ पीपीटीवर! कोरल (प्रवाळ) आक्रसतात, मासे कोपऱ्यात धापा टाकतात, आणि आपण म्हणतो, "काल तर चांगला होता." उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी मीठ नसलेलं आरओ-डीआय पाणीच घाला. टाकीच्या काचेवर मार्करने एक रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत भरा.

बोअरचं पाणी तर नकोच. शेतीपट्ट्यातल्या बोअरमध्ये खतांचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, आणि पाणी जडही असतं.

नवी टाकी चार ते सहा आठवडे माशांशिवाय चालू द्या. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. पाहुणे येणार म्हणून पहिल्याच आठवड्यात मासे नेऊ नका. आम्ही विचारू, टाकी कधी सुरू केली? कृपया खरी तारीख सांगा. तांब्याचं औषध कोरल किंवा कोळंबी असलेल्या टाकीत कधीच टाकू नका. रात्री लाइट जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

आमची एक आग्रहाची विनंती आहे. एक वही करा. तारीख, तापमान, क्षारता, किती पाणी घातलं, काय नवीन टाकलं, एवढंच लिहा. चूक झाली तर तीही लिहा. रावेर-यावलचा बागायतदार केळीची पानं पिवळी पडली की रोपवाटिकेला फोन लावण्याआधी ड्रिपची नळी बघतो. तसंच हे. मागच्या महिन्यात चोपड्याचा एक कॉलेजचा मुलगा वही उघडून म्हणाला, "मनीच चूक शे, भाऊ. हीटरना काटा मी फिरवी दिधा." दहा मिनिटांत कारण कळलं आणि त्याचे उरलेले दोन क्लाउनफिश वाचले. त्याला कुणी रागावलं नाही, रागावणारही नाही.

मासा नेल्यापासून तीन दिवसांत मेला आणि तुमच्या टाकीचं पाणी ठीक निघालं, तर तो आमचा दोष. मासा बदलून देऊ, वाद घालणार नाही. पाण्यात गडबड असेल तर तेही तोंडावर सांगू आणि दुरुस्त कसं करायचं ते सोबत बसून दाखवू.

कठीण कोरल (दगडासारखा सांगाडा असलेले) मागू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते संरक्षित आहेत, आम्ही विकत नाही आणि मागवूनही देत नाही.

पाणी तपासायला आणताना बाटली आधी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा, साबण लावू नका, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. वही सोबत ठेवा. तपासणीचे पैसे घेत नाही.