काखेत काळा डाग, की काख कोरी? दोन ‘ग्रीन क्रोमिस’

प्रवाळांवर स्नॉर्कलिंग करून आलेल्यांच्या फोटोंत एक दृश्य हमखास सापडतं: फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर तरंगणारा, बोटभर लांबीच्या हिरव्यानिळ्या माशांचा थवा. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे त्यांना ‘ग्रीन क्रोमिस’ म्हणतात. पण या एका नावाखाली दोन जाती खपून जातात. एक क्रोमिस विरिडिस, दुसरी क्रोमिस अ‍ॅट्रिपेक्टोरॅलिस.

दोघांना वेगळं करणारी खूण अक्षरशः काखेत आहे. आपण मात्र रंग, शेपूट, अंगाची ठेवण असं सगळीकडे शोधत बसतो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना जो पर असतो तो वक्षपर. तो अंगाला जोडलेला असतो तिथे, आतल्या बाजूला, अ‍ॅट्रिपेक्टोरॅलिसला ठळक काळा डाग असतो. विरिडिसची काख कोरी असते. पर अंगाला चिकटलेला असताना डाग झाकला जातो, म्हणून बाजूने काढलेल्या एकाच फोटोवर जात ठरवू नये. पण हे मासे वक्षपरांनी वल्ही मारत पोहतात. नजर एकाच माशावर धरून ठेवा. चार-पाच वल्ह्यांत डाग असला तर दिसून जातोच.

रंगावर मात्र विसंबू नका. या माशांचा हिरवा-निळा रंग कातडीतल्या पेशींमधल्या अतिशय पातळ स्फटिकपापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. कोन बदलला की हिरवा मासा निळा दिसतो, ढग आला की फिकट. त्यामुळे ‘हा जास्त हिरवा, म्हणून विरिडिस’ हा तर्क टिकत नाही, जरी लॅटिनमध्ये विरिडिसचा अर्थ हिरवा असला तरी. दुसऱ्याच्या नावात मात्र खूणच सांगितली आहे: ‘अ‍ॅट्रि’ म्हणजे काळा, ‘पेक्टोरॅलिस’ म्हणजे छातीचा.

अभ्यासकांचीही इथे फसगत झाली होती. विरिडिसचं वर्णन १८३० मध्ये झालं, पण पुढे कितीतरी काळ पुस्तकांत तो ‘क्रोमिस सेरुलियस’ या नावाने वावरला. दुसरी जात वेगळी आहे हे १९५१ मध्ये वेलँडर आणि शुल्त्झ यांनी मांडलं. जुन्या यादीत ‘सेरुलियस’ दिसलं तर तो आजचा विरिडिसच, असं धरून चालू नका. दोन्ही एकत्र मोजले गेले असण्याची शक्यता असते. मासा हातात असेल तर वक्षपराचे किरण, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या बारीक काड्या, मोजता येतात: विरिडिसला बहुधा १७-१८, दुसऱ्याला बहुधा १९-२०. अ‍ॅट्रिपेक्टोरॅलिस थोडा मोठाही होतो, १२ सेंटिमीटरपर्यंत.

ठिकाणाचाही आधार घेता येतो. तांबड्या समुद्रात प्रश्नच उद्भवत नाही, तिथे फक्त विरिडिस आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दोन्ही भेटतात. विरिडिसला खाडीसारखं शांत, उथळ पाणी आणि अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या दाट फांद्या लागतात. अ‍ॅट्रिपेक्टोरॅलिस अधिक उघड्या, बाहेरच्या बाजूच्या प्रवाळावरही दिसतो आणि फांद्यांना तितका बिलगून राहत नाही. दोघांचं खाणं सारखंच: प्रवाहाबरोबर येणारे कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी.

थव्यात मध्येच एखादा पिवळा मासा दिसला, तर ती तिसरी जात नव्हे. विणीच्या काळात विरिडिसचा नर पिवळा होतो, मागच्या बाजूला काळपट. तो वाळू आणि प्रवाळाच्या तुकड्यांवर जागा साफ करतो, अनेक माद्या तिथे अंडी घालतात, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो शेपटीने अंड्यांवर पाणी खेळवत पहारा देतो.

मला या माशात सगळ्यात विलक्षण वाटतो तो त्याचा थवा. संकट दिसताच सगळे एका क्षणात फांद्यांत शिरतात, रात्रही तिथेच काढतात. त्यांच्या उत्सर्जनातला अमोनिया प्रवाळात राहणाऱ्या शैवालाला खतासारखा मिळतो, म्हणजे भाडं वसूल होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विरिडिसला एकटं ठेवून आणि सोबती दिसतील-जाणवतील असं ठेवून त्याचा प्राणवायूचा खप मोजला. सोबत असताना विश्रांतीतला खप सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरला. आठवडाभर एकटे ठेवलेले मासे अंगाने उतरले. भोवती सोबती नसतील तर हा मासा सतत सावध राहतो, आणि त्या सावधपणाची किंमत मोजतो.

म्हणूनच टाकीवाल्यांना एक कळकळीची विनंती. विरिडिस हा मत्स्यालयांच्या व्यापारात जगात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या सागरी माशांपैकी आहे आणि स्वस्त असल्याने ‘एक घेऊन बघू’ म्हणून घेतला जातो. तसा घेऊ नका. छोट्या टाकीत पाच-सहा घेतले तरी त्यांच्यात मानपान लागतो, दुबळ्यांना कोपऱ्यात दाबलं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत एकेक कमी होत जातो. लांब टाकी, लपायला भरपूर फांद्या, आणि दिवसातून एकदाच मूठभर टाकण्याऐवजी थोडं थोडं अनेकदा खाणं. एवढी सोय नसेल तर दुसरा मासा निवडा. आणि दुकानात ‘ग्रीन क्रोमिस’ निवडताना काचेसमोर दोन मिनिटं उभे राहा, काख बघा.