सोलापूरचा मे, ३१ आकडे आणि इफ-एल्सचा क्रम

मे महिन्यात सोलापुरात दुपारी एकनंतर रस्ते सामसूम होतात आणि घराघरात एकच विषय, आज किती होतं, त्रेचाळीस का चव्वेचाळीस. भाची स्टॅटिस्टिक्सला आहे, परवा लॅपटॉप घेऊन आली, आर नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय, म्हणाली मामा आर मधलं इफ आणि फॉर पाठ झालंय पण डोक्यात काय शिरंना. म्हटलं पाठ कशाला करतीस, बाहेरचं ऊनच घे की.

हवामान खात्याचा नियम बघा. सपाट भागात कमाल तापमान ४० च्या खाली असेल तर उष्णतेची लाट म्हणायचीच नाही. ४० किंवा वर गेलं तर त्या तारखेच्या सरासरीपेक्षा किती जास्त ते बघायचं, ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याच्याही वर तीव्र लाट. आणि सरासरी काहीही असो, पारा ४५ ला गेला की लाट, ४७ ला तीव्र. म्हणजे समजा सरासरी ४०.५ आहे आणि आज ४३ झालं, तर जीव नकोसा होतो पण फरक फक्त २.५, नियमाने लाट नाही!

इफ म्हणजे हेच, असं असेल तर हे कर, एल्स म्हणजे नाहीतर ते कर. भाचीनं आधी फक्त पाऱ्याचा भाग घेतला, पहिली अट ४५ किंवा जास्त तर "लाट", नाहीतर ४७ किंवा जास्त तर "तीव्र लाट". ४७.५ घालून बघितलं तर उत्तर आलं नुसतं "लाट". कारण ४७.५ हे ४५ पेक्षा जास्त आहेच ना, पहिली अट खरी ठरली की आर पुढची वाचतच नाही. म्हणून कडक अट आधी लिहायची.

आता हेच ३१ दिवसांसाठी ३१ वेळा कोण लिहिणार, तिथं फॉर लूप. आय नावाच्या खुणेत आधी १ येतो, मग २, असं ३१ पर्यंत, आणि प्रत्येक फेरीत तीच अट त्या दिवसाच्या आकड्याला लागते. उत्तरं ठेवायला ३१ खणांचा रिकामा डबा लूपच्या आधी, बाहेर बनवायचा. तिनं तो आत बनवला होता, मग दर फेरीला नवा कोरा डबा, आणि शेवटी हातात फक्त ३१ तारीख.

बारा तारखेची नोंदच नव्हती, तिथं एनए. लूप बाराव्या फेरीत एरर देऊन थांबला. आरच्या भाषेत एनए म्हणजे "माहीत नाही", आणि जे माहीतच नाही ते ४५ पेक्षा मोठं आहे का याचं उत्तर पण माहीत नाही, मग इफनं जायचं कुठं? तिनं तिथं शून्य टाकायला घेतलं, मी हात धरला. शून्य टाकलं की प्रोग्राम म्हणणार लाट नव्हती, आणि तोच दिवस महिन्यातला सगळ्यात तापलेला असला तर? त्यापेक्षा सगळ्यात वर एक अट, नोंद नसेल तर उत्तरात पण एनएच ठेव.

पुढं अजून एक गंमत आहे. लाट जाहीर करायची तर विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं तापमान लागतं. आपण एकाच केंद्राचं बघत होतो, तरी लूपला आज आणि काल, म्हणजे आय आणि आय वजा १, दोन्ही बघायला लागले. आरमध्ये मोजणी १ पासून असते, म्हणून एक तारखेला "काल" शोधायला गेलं तर शून्यावा खण, तो नाहीच, परत एरर. हा लूप २ पासून सुरू केला.

तेरा तारखेला काय होणार हे मात्र तिनंच ओळखलं. काल माहीत नाही, आणि आज लाट असेल तर दोन्ही मिळून उत्तर "माहीत नाही". पण आज लाट नसेल तर? काल काहीही असो, सलग दोन दिवस होऊच शकत नाहीत, उत्तर पक्कं "नाही". आर पण अगदी हेच सांगतो, एनए आणि खोटं हे "आणि"नं (&) जोडलं की खोटं.