जुना लाकडी रंधा : निवड आणि दुरुस्ती

लाकडाच्या ठोकळ्यात तिरके पोलादी पाते बसवून ते पाचर ठोकून आवळलेले असते, तो लाकडी रंधा. पाचरीने पाते धरण्याची पद्धत फार जुनी आहे. पॉम्पेईच्या अवशेषांत मिळालेल्या रोमन रंध्यांतही ती दिसते. इ. स. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरच्या सुतारांच्या सामानात लाकडी रंधे सापडले. १८६९ मध्ये लेनर्ड बेलीच्या लोखंडी रंध्याचे हक्क स्टॅन्ली या अमेरिकन अवजार कंपनीकडे गेले. पुढच्या काही दशकांत लोखंडी रंध्यांनी लाकडी रंध्यांची जागा घेतली. आज जुन्या बाजारात मिळणारे रंधे बहुधा १९ व्या शतकातले किंवा २० व्या शतकाच्या पूर्वार्धातले असून त्यांचा ठोकळा बहुतेक वेळा बीच लाकडाचा असतो.

नवशिक्याने पहिला घ्यावा तो जॅक रंधा. त्याची लांबी ३५ ते ४३ सेंमी. त्याचे काम भरड रंधण्याचे असल्याने त्यात थोडा दोष राहिला तरी तो चालतो. सफाईचा आखूड रंधा (१८ ते २३ सेंमी) दिसायला सोपा वाटतो, पण त्याचे तोंड (तळावरची, पात्याची धार बाहेर येण्याची फट) आणि बैठक (पाते ज्यावर टेकते तो आतला तिरका भाग) अगदी चोख लागते, म्हणून तो दुसरा घ्यावा. ५०–६० सेंमीचे लांब रंधे हाताला पुरेसा सराव झाल्यावरच घ्यावेत.

विकत घेताना मळ, तेलाचे डाग किंवा पात्यावरचा वरवरचा गंज यांकडे लक्ष देऊ नये. रंधा उलटा करून तोंड पाहावे. जॅक रंध्याला २ मिमी उघडे तोंड चालते. सफाईच्या रंध्याला ते अर्धा मिमीच्या आसपास हवे. मग घशाच्या, म्हणजे छिलके वर येण्याच्या पोकळीच्या, दोन्ही बाजूंचे गाल (लाकडी भिंती) उजेडासमोर धरून पाहावेत. पाचर ज्या खाचेत बसते तिच्या कोपऱ्यातून निघालेली चीर हा सर्वांत वाईट दोष. कोरडे पडल्यावर लाकूड रुंदीत आकसते, पाते मात्र आकसत नाही. अशा वेळी पाते आतच राहिले तर ते गालांना बाहेर रेटते आणि चीर पडते. अशी चीर चिकटवली तरी पाचरीच्या ताणाने पुन्हा उघडते, म्हणून तो रंधा घेऊ नये. ठोकळ्यावर किड्यांची बारीक भोके असतील तर रंधा झटकून पाहावा. ताजी पूड गळली तर कीड जिवंत आहे.

पात्याची पारख वेगळी. जुनी पाती साध्या लोखंडाची असून धारेकडच्या भागावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. धारेचा तिरका उतार घासून लख्ख केला की दोन रंगांमधली जोडरेषा स्पष्ट दिसते. हा थर झिजून संपला की पाते निकामी. वरच्या जोडपात्याच्या (पात्यावर स्क्रूने आवळलेल्या, छिलका वळवणाऱ्या दुसऱ्या पात्याच्या) स्क्रूसाठी पाडलेल्या खाचेपासून धारेपर्यंत किमान २५ मिमी पोलाद उरलेले असावे. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसला तर ते बिडाचे आहे असे समजू नये. तो मुशीत वितळवलेल्या उत्तम पोलादाचा शिक्का आहे. हे पोलाद १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने प्रथम यशस्वी केले.

दुरुस्तीची सुरुवात पाचर सैल करण्याने होते. जॅक रंध्याच्या पुढच्या भागावर वरून आणि सफाईच्या रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे. एकदोन ठोक्यांत पाचर सुटते. पक्कड लावून पाते डावी-उजवीकडे हलवले की गाल फुटतात. काहीच हलत नसेल तर रंधा काही दिवस दमट हवेत ठेवावा, लाकूड फुगून गालांची पात्यावरची पकड सैल होते. पाते निघाल्यावर त्याच्या दोन्ही कडांना मिळून एक-दोन मिमी मोकळीक आहे का पाहावे. नसेल तर पात्याची कड घासावी, लाकूड कोरू नये.

रंधा चालतो की थरथरतो, हे ठरते पात्याच्या बैठकीवर, आणि नेमके हेच काम बहुतेक जण टाळतात. पात्याच्या बैठकीवर टेकणाऱ्या बाजूला मऊ पेन्सिलीचा दाट थर द्यावा, पाते व पाचर बसवून हलके ठोकावे आणि काढावे. बैठकीवर जिथे काळे उमटते तो उंचवटा. तो धारदार पटाशीने कागदाइतका पातळ खरवडावा आणि पुन्हा पाहावे. संपूर्ण बैठक काळी होण्याची गरज नाही, पण तोंडालगतचा खालचा भाग टेकलाच पाहिजे. तो अधांतरी राहिला की पाते लवते आणि लाकडावर बारीक लाटा उठतात. पाचरीचे दोन्ही पाय खाचेत तळापर्यंत सारखे टेकावेत आणि त्यांची टोके निमुळती असावीत. बोथट टोकांशी छिलके अडकतात, एकावर एक घड्या पडतात आणि घसा गच्च भरतो. मग दोष पात्याचा नसतानाही माणूस धारच लावत बसतो.

गंज काढायला ५ टक्के सायट्रिक आम्लाच्या पाण्यात पाते काही तास बुडवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. पात्याची पाठ, म्हणजे उताराच्या विरुद्ध बाजू, धारेजवळ १०–१५ मिमीच सपाट केली तरी पुरते. तिथे गंजाचे खड्डे असतील तर धार मागे घ्यावी लागते, कारण खड्डा धारेवर आला की तिथे दाता पडतो. यंत्रावर घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. निळा रंग आला की पोलादाचे पाणी उतरले. उतार २५° चा आणि शेवटची धार ३०° ची ठेवावी. बैठक ४५° ची असल्याने धारेच्या मागे १५° मोकळीक राहते. जॅक रंध्याच्या पात्याचे कोपरे किंचित गोलसर करावेत, नाहीतर ते लाकडावर चरे पाडतात. जोडपाते सफाईसाठी धारेपासून अर्ध्या मिमीच्या आत, भरड कामाला १ ते १.५ मिमी मागे असावे.

तळ सपाट करताना पाचर आवळलेली आणि धार आत ओढलेली असावी, कारण पाचरीच्या ताणाने तळाचा आकार बदलतो. जाड काचेवर ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून त्यावर घासावे. घसा वर रुंदावत जातो, त्यामुळे तळाचा प्रत्येक थर काढताना तोंड आणखी मोठे होते. म्हणून तोंडाच्या पुढची-मागची जागा आणि दोन्ही टोके एका पातळीत आली की थांबावे. सफाईच्या रंध्याचे तोंड फार रुंद असेल तर त्याच्या पुढे ६–८ मिमी जाडीचा कठीण लाकडाचा तुकडा बसवतात. त्याचे रेषे तळाच्या रेषांच्या दिशेनेच असावेत.

बाहेरून ठोकळा टर्पेंटाइन आणि बारीक स्टीलवूलने पुसावा. पॉलिशपेपर लावला तर कारागिराचा आणि जुन्या मालकांचा शिक्का कायमचा जातो. मग जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरे. घसा बंद करून त्यात तेल भरून ठेवण्याची जुनी रीत टाळावी, कारण बैठक आणि पाचर तेलकट झाली की पाते घसरते. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत, ते आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवावेत.

जुळवणी करताना रंधा सपाट फळीवर ठेवून धार फळीला टेकेल इतके पाते सोडावे आणि पाचर हलकेच ठोकावी. पाते खाली न्यायचे तर त्याच्या वरच्या टोकावर, मागे घ्यायचे तर रंध्याच्या मागच्या टोकावर, आणि छिलका एका बाजूला जाड येत असेल तर पात्याच्या कडेवर ठोका द्यावा. प्रत्येक बदलानंतर पाचरीला एक हलका ठोका हवा. जास्त ठोकल्याने पकड वाढत नाही, गाल तेवढे ताणले जातात. रंधा बरेच दिवस वापरायचा नसेल तर पाचर सैल करून ठेवावी.